जन्मनगराची ओढ आणि परतीचे कायदे : कराचीहून मुंबई इलाख्यात आलेल्या सिंधी विस्थापितांच्या संदर्भात

प्रस्तावना

जन्मगावाची ओढ हा सामान्यतः साहित्याचा विषय मानला जातो. कथा, कादंबरी, आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांतून ती व्यक्त होते आणि 'स्मरणरंजन' या एका शब्दात तिची बोळवण केली जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र या ओढीला एक वेगळे परिमाण आहे. माणसाने आपले शहर सोडले नसते किंवा सोडल्यावर त्याला तेथे सहज परत जाता आले असते, तर ही ओढ निर्माण झाली नसती किंवा निदान इतकी तीव्र झाली नसती. परतीचा मार्ग कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनांनी बंद केला, हा प्रश्न भावनेचा नसून राज्यसंस्थेच्या इतिहासाचा आहे.

या दृष्टीने कराची शहराचे उदाहरण विशेष लक्षणीय ठरते. १९४७ पूर्वी कराचीत जन्मलेल्या हिंदू सिंधी माणसाचा जन्म परदेशात झाला नव्हता. त्याच्या हयातीत त्याचे जन्मनगर परदेशी झाले. शहर आपल्या जागी राहिले, सीमा मात्र नव्याने आखली गेली. उल्हासनगर, चेंबूर, पिंपरी, कोल्हापूरजवळील गांधीनगर येथील सिंधी वसाहती महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु या वसाहतींत राहणाऱ्या पहिल्या पिढीला परत जाण्याची आशा किती काळ होती आणि ती कशी मावळली, याचा विचार मराठीत फारसा होत नाही. प्रस्तुत निबंधात १९४७ ते १९५५ या कालखंडातील परमिट, पासपोर्ट आणि मालमत्ताविषयक कायद्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

कराची आणि मुंबई : एका इलाख्यातील दोन बंदरे

१८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यानंतर १८४७ मध्ये तो प्रांत मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची व मुंबई ही एकाच इलाख्यातील दोन बंदरे होती. शासकीय बदल्या, न्यायालयीन कामकाज, व्यापार आणि शिक्षण या सर्व बाबतींत त्यांचे संबंध निकटचे होते. कराचीतील नारायण जगन्नाथ हायस्कूल ही १८५५ मध्ये सुरू झालेली शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. १८८७ मध्ये स्थापन झालेले दयाराम जेठमल सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. एप्रिल १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ स्थापन होईपर्यंत सिंधमधील विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर मुंबई विद्यापीठाचीच मुद्रा असे.

फाळणीपूर्वी कराची महापालिका क्षेत्रातील सुमारे निम्मी लोकसंख्या हिंदू होती. शहराच्या जडणघडणीत हरचंदराय विशनदास यांच्यासारख्या सिंधी आणि जमशेद नसरवानजी मेहता यांच्यासारख्या पारशी नागरिकांचा वाटा मोठा होता. त्यामुळे कराचीतील सिंधी व्यापारी, वकील किंवा प्राध्यापक मुंबईस येत असे तो परप्रांतात जाण्याच्या भावनेने नव्हे. कामासाठी जाऊन परत येण्याचा तो नित्याचा प्रवास होता. पुढे १९४७-४८ मधील प्रस्थानाकडे अनेकांनी प्रारंभी याच सवयीने पाहिले, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९४७-४८ : कायमचे न मानलेले प्रस्थान

पंजाब व बंगाल यांच्याप्रमाणे सिंध प्रांताची विभागणी झाली नाही. तो संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. पंजाबमध्ये ऑगस्ट १९४७ पासून दोन्ही बाजूंनी जी लोकसंख्येची अदलाबदल झाली, तशी योजना सिंधसाठी नव्हती. सिंधमधील अनेक हिंदू कुटुंबांनी नव्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहण्याची मानसिक तयारी केली होती. परंतु उत्तर भारतातून येणाऱ्या मुस्लिम निर्वासितांची संख्या वाढत गेली, घरांची टंचाई निर्माण झाली आणि असुरक्षितता वाढली. १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबाद (सिंध) येथे आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्या. कराचीच्या दंगलीनंतर प्रस्थानास खरा वेग आला. मुंबईच्या धक्क्यावर कराचीहून येणाऱ्या बोटी निर्वासितांनी भरून येऊ लागल्या. काही कुटुंबे काठेवाडच्या बंदरांवर उतरली, तर काही रेल्वेने राजपुतान्यात पोहोचली.

या प्रस्थानाचे स्वरूप नंतरच्या काळात नोंदविलेल्या मौखिक आठवणींतून स्पष्ट होते. नंदिता भवनानी, रीता कोठारी, साझ अग्रवाल यांनी केलेल्या अभ्यासांमुळे या आठवणी उपलब्ध झाल्या आहेत. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे किंवा नोकराकडे सोपविणे, बायकामुले पुढे पाठवून कर्त्या पुरुषाने मागे थांबणे, वातावरण निवळताच परत येऊ असे सांगून निघणे, या गोष्टी त्यांत वारंवार येतात. किल्ली शेजाऱ्याकडे देणारा माणूस स्वतःला निर्वासित समजत नसतो. तो गावाला जात असतो. निघतानाची ही समजूत आणि पुढे घडलेली वस्तुस्थिती यांतील अंतरात या ओढीचे मूळ आहे.

याच वेळी निघण्याची इच्छा असूनही सर्वांना निघता आले नाही, हेही नोंदविले पाहिजे. कराचीची स्वच्छता विस्कळीत होऊ नये म्हणून अत्यावश्यक सेवांविषयीच्या तरतुदींचा आधार घेऊन दलित सफाई कामगारांना प्रस्थानापासून रोखण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानातील अनुसूचित जातींच्या या अवस्थेकडे लक्ष वेधले होते. कोणाला जाऊ द्यावयाचे आणि कोणाला राहू द्यावयाचे, याचा निर्णय त्या काळात जात आणि श्रम यांवरही अवलंबून होता. जन्मनगराच्या ओढीचा इतिहास लिहिताना, जन्मनगरात अडकवून ठेवलेल्यांचा हा इतिहास विसरता येत नाही.

मुंबई इलाख्यात आलेल्यांची व्यवस्था मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील रिकाम्या लष्करी छावण्यांत करण्यात आली. कल्याण येथील छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. कोल्हापूरजवळील वळीवडे येथे महायुद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि तिला गांधीनगर हे नाव मिळाले. एका देशाच्या निर्वासितांनी सोडलेल्या बराकींत दुसऱ्या सीमेवरचे निर्वासित येऊन राहिले, ही विसाव्या शतकाच्या इतिहासातील बोलकी घटना म्हणावी लागेल.

परमिट ते पासपोर्ट : मार्ग बंद होण्याची प्रक्रिया

फाळणीनंतर जवळजवळ अकरा महिने भारत व पश्चिम पाकिस्तान यांच्यातील प्रवासासाठी कोणत्याही परवान्याची आवश्यकता नव्हती. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने अध्यादेशाद्वारे परमिट पद्धती लागू केली. पाकिस्तानात गेलेले अनेक मुस्लिम भारतातील आपल्या घरी परतू लागले होते, त्यांना आळा घालणे हा तिचा प्रमुख हेतू होता. ऑक्टोबर १९४८ मध्ये पाकिस्ताननेही प्रवेशनियंत्रणाचा अध्यादेश काढला. परिणामी उल्हासनगरच्या बराकीत राहणाऱ्या माणसाला कराचीतील आपले घर पाहण्यासाठी परक्या सरकारचा परवाना आवश्यक झाला. वझीरा झमिनदार यांनी आपल्या ग्रंथात या प्रक्रियेस 'लांबलेली फाळणी' म्हटले आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये सीमारेषा आखली गेली, तिचे भिंतीत रूपांतर पुढील काही वर्षांच्या कागदोपत्री कारभाराने केले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारतीय संविधानातही या तारखांची नोंद आहे. अनुच्छेद ६ नुसार पाकिस्तानच्या प्रदेशातून स्थलांतर करून आलेल्या व्यक्तींसाठी १९ जुलै १९४८ ही सीमारेषा ठरविण्यात आली. त्या दिवसापूर्वी आलेली आणि तेव्हापासून भारतात राहणारी व्यक्ती नागरिक मानली गेली. नंतर आलेल्यास नोंदणी करणे आवश्यक ठरले. या अनुच्छेदात व्यक्तीचा अथवा तिच्या आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म 'भारत सरकार अधिनियम, १९३५ मध्ये व्याख्या केलेल्या भारतात' झालेला असणे अपेक्षित आहे. म्हणजेच कराचीत झालेला जन्म हा भारतीय नागरिकत्वाचा आधार म्हणून मान्य झाला, पण त्या जन्मस्थानी परत जाण्याचा कोणताही हक्क त्यातून उरला नाही. अनुच्छेद ७ ने पाकिस्तानात गेलेल्यांबाबत विरुद्ध तरतूद केली. १ मार्च १९४७ नंतर तेथे स्थलांतर केलेली व्यक्ती पुनर्वसनाच्या परमिटावर परतली नसेल, तर ती नागरिक मानली जाणार नव्हती. १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट व व्हिसा पद्धती सुरू झाली आणि कराची हे कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे परदेशी शहर झाले.

क्लेम : स्मृतीचे मूल्यांकन

प्रवासाच्या नियंत्रणापेक्षाही परतीच्या आशेवर अधिक परिणाम केला तो मालमत्तेच्या कायद्यांनी. जानेवारी १९४९ मध्ये कराची येथे दोन्ही देशांत मालमत्तेविषयी करार झाला. त्यानुसार नागरी मालमत्तेची खाजगी विक्री वा अदलाबदल करण्यास मुभा देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात हा करार यशस्वी झाला नाही आणि दोन्ही देशांनी देश सोडून गेलेल्यांच्या, म्हणजे 'इव्हॅक्यूईं'च्या मालमत्तेवर ताबेदार (कस्टोडियन) नेमून आपापले कायदे कठोर केले.

भारतात १९५० मध्ये विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला. सिंधी वस्तीत आजही वापरला जाणारा 'क्लेम' हा शब्द येथून आला. मागे राहिलेल्या घराचे ठिकाण, आकार, बांधकाम, भाडे, कर, खरेदीखत इत्यादी तपशील देऊन विस्थापित व्यक्तीने दावा नोंदवावयाचा होता. कागदपत्रे कराचीत राहिली असल्यास साक्षीदार उभे करावे लागत. अंगणातील झाड, जिन्याची पायरी, माडीवरून दिसणारा समुद्र या गोष्टींना अर्जात रकाना नव्हता. घराची आठवण चौरस फुटांत आणि रुपयांत सांगावी लागली. १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यानुसार पडताळणी झालेल्या दाव्यांवर भरपाई देण्यात आली. दावा जितका मोठा, तितके भरपाईचे प्रमाण कमी, असे उतरत्या श्रेणीचे तत्त्व त्यात होते. अनेक ठिकाणी शासनाने बांधलेली घरेच भरपाईपोटी देण्यात आली.

या व्यवहाराचा आर्थिक बाजूने बराच अभ्यास झाला आहे. त्याची मानसिक बाजू तितकीच महत्त्वाची आहे. क्लेम भरणे म्हणजे आपण परत जाणार नाही हे शासनापुढे प्रतिज्ञेवर मान्य करणे होते. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून आलेल्या माणसाने ज्या दिवशी क्लेमच्या अर्जावर सही केली, त्या दिवशी त्याचे प्रस्थान कायमचे झाले. दंगलीने त्याला घराबाहेर काढले होते. अर्जाने त्याला त्या घराचा माजी मालक केले. भरपाई न घेणे मात्र बहुतेकांना परवडणारे नव्हते. बराकीत राहणाऱ्या कुटुंबापुढे मुलांचे शिक्षण, धंद्याचे भांडवल आणि डोक्यावरचे छप्पर हे प्रश्न उभे होते.

दुसऱ्या बाजूची ओढ

भरपाईसाठी निधी कोठून आला, हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो. १९५४ च्या कायद्याने उभारलेल्या भरपाई निधीत शासकीय रक्कम होती, शासनाने बांधलेली घरे होती आणि पाकिस्तानात गेलेल्या मुस्लिमांची भारतातील मालमत्ताही होती. कायद्याच्या कलम १२ नुसार केंद्र सरकारने ही मालमत्ता संपादन करताच मूळ मालकाचा हक्क संपुष्टात येत असे. मुंबई, दिल्ली, लखनौ येथून कराचीस गेलेल्यांपैकीही अनेक जण परतीची आशा बाळगून होते. कराचीतील सिंधी घरांत त्यांचे पुनर्वसन झाले आणि त्यांच्या भारतातील घरांतून सिंधी व पंजाबी विस्थापितांची भरपाई झाली. अशा रीतीने एकाच्या न परतण्यावर दुसऱ्याचे पुनर्वसन अवलंबून राहिले. दोन्ही बाजूंच्या माणसांची ओढ सारखी होती, पण त्यांपैकी एकाची ओढ पूर्ण होण्यासाठी दुसऱ्याला पुन्हा बेघर व्हावे लागले असते.

या परस्परविरोधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महंमद अली जिना यांचे आहे. त्यांचा जन्म १८७६ मध्ये कराचीत झाला, परंतु त्यांची वकिली, राजकारण आणि संसार मुंबईत घडला. मलबार हिलवरील आपल्या बंगल्याविषयी त्यांना अखेरपर्यंत आत्मीयता होती. भारताचे कराचीतील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी नोंदविल्यानुसार, त्या बंगल्याविषयी विचारणा झाली तेव्हा जिनांनी तो आपल्यापासून हिरावू नये अशी भावना नेहरूंना कळविण्यास सांगितले आणि तेथे परतण्याची इच्छाही व्यक्त केली. ११ सप्टेंबर १९४८ रोजी कराचीत, म्हणजे आपल्या जन्मनगरात, त्यांचे निधन झाले. जे शहर सोडून आलेले सिंधी मुंबईत बसून कराचीची आठवण काढत होते, त्याच शहरात पाकिस्तानच्या संस्थापकाला मुंबईच्या घराची आठवण येत होती.

स्थलांतरित संस्था आणि बदललेले शहर

परत जाता येत नाही हे स्पष्ट झाल्यावर विस्थापितांनी जे सोबत आणता येईल ते उभे केले. दयाराम जेठमल सिंध कॉलेजमधील विस्थापित प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. हैदराबाद (सिंध) येथील नॅशनल कॉलेजचा वारसा घेऊन १९४९ मध्ये वांद्रे येथे महाविद्यालय उभे राहिले. मुंबई विद्यापीठाशी असलेला जुना संबंध येथे उपयोगी पडला. घर परत मिळाले नाही, तरी विद्यापीठ ओळखीचे होते. सिंधी भाषेला स्वतःचा प्रदेश उरला नसतानाही १९६७ मध्ये तिचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. उल्हासनगरमध्ये राहून लेखन करणाऱ्या मोहन कल्पना यांनी आपल्या एका कादंबरीस 'जलावतनी', म्हणजे हद्दपारी, हे नाव दिले, यावरून त्या पिढीची मनोवस्था सूचित होते.

याच काळात कराचीही बदलत होती. १९४८ मध्ये ती सिंधपासून वेगळी काढून केंद्रशासित राजधानी करण्यात आली. १९४१ मध्ये पाच लाखांच्या आत असलेली तिची लोकसंख्या १९५१ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेली आणि उर्दू ही तेथील प्रमुख भाषा झाली. बंदर रोडचा एम. ए. जिना रोड झाला, एल्फिन्स्टन स्ट्रीटची झैबुन्निसा स्ट्रीट झाली. ज्या कराचीची ओढ उल्हासनगरमध्ये जपली जात होती, ती कराची नकाशावर होती, वास्तवात नव्हती. त्यामुळे ही ओढ एका स्थळाइतकीच एका काळाची होती, असे म्हणता येईल.

प्रत्यक्ष परतभेटींचा इतिहास विषमतेचा आहे. दिल्लीत जन्मलेले परवेझ मुशर्रफ जुलै २००१ मध्ये दर्यागंजमधील आपल्या कुटुंबाच्या जुन्या हवेलीस भेट देऊ शकले. कराचीत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी जून २००५ मध्ये आपल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत जाऊ शकले. सामान्य माणसाला मात्र ठरावीक शहरांपुरता व्हिसा आणि पोलीस ठाण्यातील हजेरी यांतून जावे लागे. १९६५ च्या युद्धात बंद पडलेला मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर २०१२ च्या व्हिसा करारात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना अटारी-वाघा येथे पोहोचताच व्हिसा देण्याची तरतूद होती. १९४७ मध्ये जन्मलेली व्यक्ती २०१२ मध्ये पासष्ट वर्षांची होत होती. योगायोगाने का होईना, फाळणीपूर्वी जन्मलेल्या संपूर्ण पिढीसाठी ती खिडकी उघडली होती. परंतु जानेवारी २०१३ मधील सीमेवरील तणावामुळे ही तरतूद प्रारंभीच लांबणीवर पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये रेल्वेसेवा स्थगित झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीची तपासणी चौकीही बंद करण्यात आली.

दरम्यान जन्मनगराचे नावही संशयास्पद ठरू लागले. २०१९ मध्ये बंगळुरूत आणि २०२० मध्ये मुंबईत, दुकानाच्या फलकावरील 'कराची' हा शब्द झाकण्याचा वा बदलण्याचा आग्रह धरण्यात आला. ज्यांनी ते नाव विस्थापनाची खूण म्हणून जपले होते, त्यांच्याच निष्ठेविषयी त्या नावावरून प्रश्न विचारला गेला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. कराचीतून झालेले प्रस्थान प्रारंभी बहुसंख्य विस्थापितांनी तात्पुरते मानले होते. ते कायमचे ठरण्यात हिंसेइतकाच १९४८ ते १९५४ या काळातील परमिट, पासपोर्ट व मालमत्ता कायद्यांचा वाटा होता.

२. नुकसानभरपाईची प्रक्रिया ही पुनर्वसनाची व्यवस्था होती, त्याचबरोबर ती परतीच्या हक्काचा त्याग करविणारी व्यवस्थाही होती. हा त्याग दोन्ही देशांतील विस्थापितांकडून एकमेकांच्या बदल्यात करवून घेण्यात आला.

३. म्हणून सिंधी विस्थापितांची कराचीविषयीची ओढ ही केवळ स्मरणरंजन ठरत नाही. राज्यसंस्थेने कागदावर पूर्ण केलेला व्यवहार मनाने मान्य न केल्याची ती नोंद आहे. तिचा अर्थ भारताविषयीच्या निष्ठेचा अभाव असा लावणे इतिहासाला धरून नाही.

१९४७ पूर्वी आजच्या पाकिस्तानात जन्मलेल्या भारतीय नागरिकास पासपोर्टच्या अर्जात जन्मस्थानाच्या देशाच्या जागी 'अविभाजित भारत' असे लिहिण्याची सूचना आहे. शासनाच्याच लेखी या पिढीचा जन्म अशा देशात झाला आहे, ज्याचा व्हिसा कोणतेही सरकार देऊ शकत नाही. ही पिढी आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहे. तिच्याजवळ असलेले क्लेमचे कागद, शाळेचे दाखले आणि आठवणी गोळा करण्यासाठी फार थोडा अवधी उरला आहे. उल्हासनगर, पिंपरी, गांधीनगर यांच्या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास, महाराष्ट्राच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण वेळीच नोंदले जाईल.